सगळ्यांनी मिळून गायचं तर: अकूस्टिक फोक बँडविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या सदरासाठी अकूस्टिक फोक बँडविषयी प्रश्न मागवले होते. वाद्यं कुठली घ्यावीत हे फार थोड्यांनी विचारलं. बहुतेकांना हवा आहे तो एकत्र गाण्याचा जोश: तो कसा येतो, स्टेजवर का विझतो, श्रोत्यांपर्यंत कसा न्यायचा. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आम्ही पाच जण आहोत. दोन गिटार, मँडोलिन, पेटी आणि काहोन (खोक्यासारखं, वर बसून हाताने वाजवायचं तालवाद्य), चौघं गातात. घरी सरावाला अंगावर काटा येतो, पण स्टेजवर तेच गाणं थंड पडतं. साउंडवाल्याला आवाज वाढवायला सांगूनही फरक पडत नाही. (नाशिक)

आवाज वाढवून हे सुटणार नाही. तुमचं गाणं श्रोत्यांपर्यंत पोचतंय. पोचत नाही ते तुम्हा पाच जणांपर्यंत, एकमेकांकडे. घरी तुम्ही तोंडं आत करून, हातभर अंतरावर बसता. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दीड मीटरवरच्या जोडीदाराचा सूर चार-पाच मिलिसेकंदांत येतो आणि कानाला तो आपल्याबरोबरच वाजल्यासारखा वाटतो. स्टेजवर तुम्ही आठ मीटरच्या रेषेत, सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहता. दोन टोकांमध्ये आता तेवीस मिलिसेकंदांचं अंतर पडतं. काहोनच्या थापेवर टाकलेला गिटारचा फटका दुसऱ्या टोकाला किंचित मागे ऐकू येतो, तो वादक सावरायला जातो, आणि लय घट्ट बसायच्या ऐवजी सैल होते. श्रोत्यांना चूक सापडत नाही, पण गाण्याचा जोर गेलेला त्यांना कळतो.

स्टेज कितीही रुंद असलं तरी अर्धवर्तुळात, सुमारे तीन मीटरच्या आत उभे राहा. काहोन मध्यभागी, किंचित मागे. पेटी बसून वाजते, म्हणून तिला एक बाजू द्या आणि चौरंगावर किंवा स्टँडवर इतकी उचला की पेटीवाल्याचे डोळे उभ्या गायकाच्या छातीपर्यंत येतील. एकमेकांचे चेहरे आणि उजवे हात दिसले पाहिजेत. श्वास एकदम घेतला जातो तो नजरेच्या इशाऱ्यावर.

मग मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे वळवलेले स्पीकर. प्रत्येकाला स्वतःचंच वाद्य मोठं हवं असतं आणि साउंडवाला ते देतो. परिणामी पाच जण पाच वेगवेगळे कार्यक्रम ऐकत वाजवतात. एवढ्याशा बँडला समोर दोन मॉनिटर पुरेत. त्यांत फक्त गाणाऱ्यांचे आवाज आणि थोडी पेटी जाऊ द्या. गिटार आणि काहोन तीन मीटरवर तसेही ऐकू येतात. सरावापासून एक नियम पाळा: सगळ्यांत हलकं वाद्य, बहुतेक वेळा मँडोलिनची एकेरी ओळ, ज्याला ऐकू येत नाही त्याने आपला हात कमी करायचा. मँडोलिनवाल्याने जोर लावायचा नाही.

तुमच्या यादीतली दोन गिटार हेही एक कारण असू शकतं. दोन्ही जर ‘जी’ पट्टीत तेच उघडे कॉर्ड, तोच स्ट्रोक वाजवत असतील तर दोन गिटारांचा आवाज वाढत नाही, फक्त चिखल होतो. पहिलं गिटार उघड्या ‘जी’वर ठेवा. दुसऱ्याला पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून ‘डी’चा आकार धरा, सूर तेच राहतात, पण वर, पातळ आणि चमकदार. मँडोलिनने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर छोटा, लगेच दाबलेला कॉर्ड मारावा. मारल्याबरोबर डाव्या हाताची बोटं तारेवरून सैल केली की तो आपोआप तुटतो. पेटीने कॉर्ड भरूच नयेत; षड्ज-पंचमाचा धरलेला सूर आणि मुखड्याची ओळ एवढंच काम तिला द्या. प्रत्येक वाद्याला आपली जागा मिळाली की आवाज न वाढवताही गाणं मोठं वाटू लागतं.

प्रश्न: जुन्या ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) बँडचे लोक एकाच माईकभोवती उभे राहून गातात. आपल्याकडे ते जमेल का? कुठला माईक, किती अंतर? (कोल्हापूर)

जमतं, आणि शिकण्यासारखं आहे, कारण यात मिक्सिंग साउंडवाला करत नाही. बँड पावलांनी करतो.

माईक मोठ्या डायफ्रॅमचा (पडद्याचा) कंडेन्सर हवा, कार्डिऑइड पॅटर्नचा, म्हणजे समोरचा आवाज जास्त घेणारा. नेहमीचा हातात धरायचा डायनॅमिक माईक इथे चालत नाही. तो ओठांजवळच्या आवाजासाठी बनलेला असतो आणि अर्ध्या मीटरवरचं गिटार त्याला पोकळ ऐकू येतं. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माईकच्या वायरीतूनच जाणारी वीज) लागतो, तो मिक्सरवर आहे ना ते आधी विचारा. स्टँडवर माईक मुख्य गायकाच्या हनुवटीच्या उंचीला ठेवा. गाणारा ३० ते ४५ सेंटिमीटरवर, वाद्यं ४५ ते ६० सेंटिमीटरवर, काहोन किंवा ढोलकी दीड-दोन मीटर मागे. हे आकडे सुरुवातीचे समजा. अंतर दुप्पट झालं की उघड्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, हे सूत्र मात्र पक्कं लक्षात ठेवा. एकल तुकडा वाजवणारा ६० वरून ३० सेंटिमीटरवर आला की तो आपोआप पुढे येतो. त्याच वेळी दुसऱ्याने मागे सरकायचं असतं, नाहीतर टक्कर होते. म्हणून प्रत्येक गाण्याची पावलं ठरवा: कोण डावीकडून आत येणार, कोण उजवीकडून बाहेर पडणार. गिटारची मान शेजाऱ्याच्या डोक्याला लागणार नाही अशी बाजूही याच सरावात ठरते.

शिट्टीचं (स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून होणाऱ्या फीडबॅकचं) काय, हा पुढचा प्रश्न येणारच. हॉलचे स्पीकर माईकच्या दोन-तीन मीटर पुढे आणि बाहेरच्या अंगाला वळवलेले हवेत. जमिनीवरचे मॉनिटर पूर्ण बंद. इतके जवळ उभे असताना त्यांची गरजही नसते. मिक्सरवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. मग रिकाम्या हॉलमध्ये गेन (माईकच्या आवाजाची पातळी) हळूहळू वाढवत जा. पहिली शिट्टी सुरू झाली की ती कुठल्या पट्ट्यात आहे ते शोधून तेवढाच भाग ३ ते ६ डेसिबल खाली घ्या. असं दोन-तीन वेळा करा, त्याहून जास्त कापलं तर आवाज मेणचट होतो. शेवटी मुख्य फेडर (आवाजाची सरकपट्टी) शिट्टीच्या पातळीपेक्षा निदान ६ डेसिबल खाली आणून तिथेच सोडा. एकाच माईकचा यात मोठा फायदा आहे. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा वाव ३ डेसिबलने घटतो. आठ माईकऐवजी एक लावलात तर ९ डेसिबल तुमच्या पदरात पडतात.

मर्यादाही सांगतो. बंद सभागृह आणि दीडशे-दोनशे श्रोते इथपर्यंत हे उत्तम. उघड्या मैदानात, वाऱ्यात, किंवा शेजारी ढोल-ताशा चालू असताना याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न: आमच्या गाण्यात श्रोत्यांनी सामील व्हावं असं फार वाटतं. आम्ही हात वर करून ‘म्हणा आमच्याबरोबर’ सांगतो, पण पहिल्या दोन रांगा सोडल्या तर कुणी गात नाही. (पुणे)

लोकांना लाज वाटते, हे खरं. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं: सूर त्यांच्या गळ्यात बसत नाही, शब्द माहीत नसतात, आणि कधी सुरू करायचं ते कळत नाही. तिन्ही गोष्टी गाणं बांधतानाच सोडवता येतात.

आधी पट्टी. मिश्र श्रोत्यांत बायका एका सप्तकात आणि पुरुष त्याच्या खालच्या सप्तकात गातात. दोघांनाही न ताणता गाता यावं असा पट्टा छोटा आहे: खाली काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी), वर तिथून साधारण सव्वा सप्तकावरची पांढरी दोन (दुसरी पांढरी पट्टी). मुखड्यातला सगळ्यांत वरचा सूर पांढरी दोनच्या वर गेला की मागच्या रांगा गप्प होतात. तुमचा गायक काळी एकमध्ये गात असेल आणि मुखडा षड्जापासून पंचमापर्यंतच फिरत असेल तर अडचण नाही. तार षड्जाला गेला तरी निभावतं. तार गंधाराला गेला तर श्रोते सुटले. अंतऱ्यात गायकाला हवं तितकं वर जाऊ द्या, तो त्याचा प्रांत. मुखडा मात्र सगळ्यांच्या मालकीचा आहे, तो त्यांच्या गळ्याच्या मापाने शिवा. गिटारसाठी काळी एक म्हणजे पहिल्या पडद्यावर कॅपो आणि ‘सी’चा आकार, किंवा चौथ्यावर कॅपो आणि ‘ए’चा. पांढरी चारसाठी तिसऱ्यावर ‘डी’, पहिल्यावर ‘ई’. काळी पाचसाठी तिसऱ्यावर ‘जी’.

मग शब्द. अख्खा मुखडा शिकवू नका. शेवटचे चार-पाच शब्द, किंवा नुसती झील द्या. पोवाड्यात शाहीर अवघड कडवं एकटा पेलतो आणि झीलकरी ‘जी जी जी’ उचलून धरतात. ऐकणाऱ्याला ते दुसऱ्या फेरीला तोंडपाठ होतं. डेन्व्हरच्या ल्युमिनिअर्ससारख्या बँडने ओळीओळीच्या मधल्या रिकाम्या मात्रेत आरोळ्या घातल्या, त्यामागेही हाच विचार आहे: आरोळीला सूर लागत नाही, म्हणून ज्याला आपण बेसूर आहोत असं वाटतं तोही निर्धास्त ओरडतो. आणि एकदा तोंड उघडलं की पुढच्या फेरीला तो गातोही. गाण्याच्या सुरुवातीलाच एक आरोळीची जागा ठेवा.

आता सुरू कधी करायचं. अमेरिकन लोकगायक पीट सीगर श्रोत्यांकडून गाऊन घेताना पुढची ओळ आधी पटकन बोलून दाखवत असे. आपल्या कीर्तनकारांना हे वेगळं सांगायला नको. याचं गणित असं: लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर एक मात्रा ०.६ सेकंदाची. ओळीच्या शेवटच्या दोन मात्रांत, म्हणजे सव्वा सेकंदात, पाच-सहा अक्षरं स्पष्ट बोलता येतात. तेवढीच बोला, आणि सुरात नाही, बोलण्याच्या आवाजात, म्हणजे ते गाण्यात मिसळत नाही. हे काम मुख्य गायकाला श्वासामुळे जड जातं, दुसऱ्याकडे द्या.

फेऱ्यांचा क्रम असा ठेवून पाहा. पहिल्यांदा मुखडा एकटा गायक. दुसऱ्यांदा बँडमधले सगळे, माईकपासून थोडे लांब. हे महत्त्वाचं, कारण श्रोत्याला चार साधे आवाज एकत्र ऐकू आले की पाचवा आपला घालावासा वाटतो. तिसऱ्यांदा वाद्यं निम्म्यावर आणा आणि ओळ बोलून द्या. चौथ्यांदा वाद्यं पूर्ण थांबवा, नुसता पाय किंवा काहोनची मंद थाप. इथे लोकांना स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि मग त्यांना थांबवणं कठीण होतं. बरेच बँड नेमकं उलट करतात: श्रोते गायला लागले की उत्साहात सगळी वाद्यं पूर्ण जोराने आणतात आणि नुकताच उमललेला आवाज त्याखाली गाडतात. हा मोह आवरा. शक्य असेल तिथे हॉलचे दिवेही या फेरीला थोडे उजळा. अंधारात बसलेला माणूस स्वतःला एकटा समजतो.

प्रश्न: टाळ्यांनी लय पळते. काय करावं? (सातारा)

टाळ्या दोन कारणांनी बिघडतात. जमाव टाळ्या वाजवायला लागला की लय चढतेच, आणि मागच्या रांगेच्या टाळ्या उशिरा पोचतात. वीस मीटरवरच्या श्रोत्याला तुमची थाप सुमारे ५८ मिलिसेकंदांनी ऐकू येते आणि त्याची टाळी परत यायला तेवढाच वेळ. म्हणजे ती जवळजवळ १२० मिलिसेकंद मागे, १०० च्या लयीत मात्रेचा पाचवा भाग. तिच्यामागे गेलात तर लय पडते, पुढच्या रांगेमागे गेलात तर पळते. काहोनवाल्याने श्रोत्यांकडे कान द्यायचाच नाही. त्याने गिटारच्या उजव्या हाताकडे बघत वाजवायचं. टाळ्या फक्त मुखड्याला घ्या आणि अंतरा सुरू होताना तळहात खाली करून थांबवा. दर मात्रेला टाळी मागण्यापेक्षा एक सोडून एक मागा, पळणं कमी होतं. केरव्याच्या आठ मात्रांत पहिली आणि पाचवी हे आपल्याकडच्या श्रोत्यांना उपजत जमतं. पाश्चात्त्य पद्धतीची दुसरी-चौथी टाळी मागितलीत तर अर्धं सभागृह उलटं पडेल.

प्रश्न: पावसाळ्यात गिटार बसकं वाजतं, तारा वर उचलल्यासारख्या वाटतात, ढोलकीही उतरते. (रत्नागिरी)

भरीव लाकडाच्या गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात जुलैमध्ये ती दिवसचे दिवस ८०-९० च्या घरात असते. वरची फळी पाणी पिऊन फुगते, ब्रिजच्या (फळीवर तारा अडकवलेल्या पट्टीच्या) मागे पोट येतं, तारा पडद्यांपासून दूर जातात आणि फळी जड झाल्यामुळे आवाज दबतो. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली साधारण अडीच आणि बारीक तारेखाली पावणेदोन ते दोन मिलिमीटर अंतर असावं. ते तीन-साडेतीनवर गेलं की बोटं दुखायला लागतात. अशा वेळी लगेच ब्रिजचं हाड घासून घेऊ नका. दिवाळीनंतर फळी बसली की तारा पडद्यांवर खुळखुळतील. आधी लाकूड वाळवा.

वाजवून झालं की गिटार कडक केसमध्येच ठेवा, भिंतीवर टांगू नका. केसमध्ये कापडी पिशवीत २०० ग्रॅम सिलिका जेल आणि तीन-चारशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक. निळे खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा वापरा. मापक ४५ च्या खाली गेला तर पिशवी काढून घ्या. ब्रिजच्या मागे बारीकशी फट दिसू लागली, कागद आत सरकू लागला, तर ब्रिज सुटतोय. १२-५३ जाडीच्या तारांच्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या वर असतो, म्हणून त्या क्षणी तारा ढिल्या करून कारागिराकडे न्या. बंद गाडीत, उन्हात ठेवलेल्या गिटारचंही हेच होतं. डिंक मऊ पडतो.

ढोलकीचं कातडं ओलाव्याने सैल होतं आणि सूर उतरतो. हलगीवाले वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतात, पण ढोलकीच्या शाईला तो जाळ सोसत नाही, भेगा पडतात. एका मीटरवर पिवळा दिवा लावून दहा मिनिटं ऊब द्या, मग दोऱ्या किंवा नट थोडे थोडे, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. स्टेजवरच्या गरम दिव्यात उलटा त्रास होतो: कातडं वाळून चढतं आणि गिटारच्या स्टीलच्या तारा तापून उतरतात. म्हणून वाद्यं दिव्याखाली ठेवून पंधरा मिनिटांनी सूर जुळवा, ग्रीनरूममध्ये जुळवलेला सूर टिकत नाही.

प्रश्न: पेटी आणि गिटार दोन्ही सुरात असूनही एकत्र वाजवली की लाटा उठतात. (इचलकरंजी)

पेटी ४४० हर्ट्झवर (पांढरी सहाच्या ठरलेल्या सुरावर) नसेल. जुन्या पेट्या बऱ्याचदा दोन-चार हर्ट्झ वर किंवा खाली असतात. पेटीची मधली पांढरी सहा ट्यूनरसमोर दाबा. ती ४४३ दाखवत असेल आणि गिटार ४४० वर असेल तर सेकंदाला तीन लाटा ऐकू येतील. पेटीचे सूर स्टेजवर हलवता येत नाहीत, गिटारचे येतात. ट्यूनरचा आधारसूर ४४३ करून सगळी तंतुवाद्यं त्यावर जुळवा. बासरीवाला असेल तर त्याला आधी सांगा.

प्रश्न: मराठी चालीला इंग्रजी बँडसारखे दोन-तीन आवाजांचे सूर लावायला गेलो की गाण्याचा रंगच बदलतो. (नागपूर)

बदलणारच, जर तुम्ही डोळे मिटून वरचा तिसरा सूर लावत असाल तर. आपल्या कितीतरी लोकचाली पाच सुरांत आहेत. समजा चाल भूपाच्या सुरांत आहे: सा रे ग प ध. मेजर स्केलच्या हिशेबाने ‘रे’वर तिसरा सूर ‘म’ आणि ‘प’वर ‘नी’ येतो. म आणि नी या चालीत नाहीतच. ते ऐकू आले की चाल परकी वाटते.

उपाय सोपा आहे. चालीच्याच सुरांच्या शिडीवर एक पायरी सोडून वरची पायरी घ्या. म्हणजे सा असताना दुसऱ्याने ग, रे असताना प, ग असताना ध, प असताना तार सा, ध असताना तार रे. पहिली जोडी तिसऱ्या सुराची, बाकी सगळ्या चौथ्या सुराच्या होतात. हा आवाज थोडा उघडा, माळरानावरचा वाटतो आणि चालीत परका सूर येत नाही. तिसऱ्या गायकाला हलवूच नका. त्याने नुसता षड्ज किंवा पंचम धरावा, तुणतुण्यासारखा. भैरवीसारख्या कोमल सुरांच्या चालीत दुसरा आवाज फक्त ओळीच्या शेवटच्या लांब सुरावर आणा, मधल्या हरकतींवर नको. हरकत दोघांची कधीच सारखी पडत नाही.

दुसरा आवाज नेहमी पहिल्याच्या निम्म्याने. श्रोत्याला चाल कुठली आणि साथ कुठली याचा घोळ झाला तर तो गायचा थांबतो.

प्रश्न: पिकअप (वाद्याचा आवाज वायरीतून स्पीकरला देणारं साधन) लावलेलं गिटार स्टेजवर ‘हूंऽऽ’ करत राहतं. (सांगली)

गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आपोआप गुंजते आणि समोरचा मॉनिटर तिला चाळवतो. क्रमाने करून पाहा: ध्वनिछिद्रावर रबरी झाकण, प्रीअँपवरचं (पिकअपचा आवाज वाढवणाऱ्या डबीवरचं) फेजचं बटण उलटं, मग १०० ते २०० हर्ट्झमधला नेमका पट्टा ५-६ डेसिबल खाली. तरीही हुंकार राहिला तर मॉनिटरच्या थेट समोरून दोन पावलं बाजूला व्हा. बऱ्याचदा हे पहिलंच करायला हवं होतं असं लक्षात येतं.

प्रश्न: घरच्या घरी रेकॉर्ड करतोय. पाच जणांचा समूहस्वर पन्नास जणांसारखा कसा वाटेल? (ठाणे)

एकाच जागेवरून दहा वेळा गाऊन तो पन्नास जणांचा होत नाही, पाच जणांचाच जाड थर होतो. माईक खोलीच्या मध्यावरून थोडा बाजूला ठेवा. पहिली फेरी दीड मीटरवरून, दुसरी जागा अदलाबदल करून अडीच मीटरवरून, तिसरी भिंतीजवळून, चौथ्या फेरीला पुरुषांनी खालच्या सप्तकात. एका फेरीत मुद्दाम गाऊ नका, नुसतं जोराने म्हणा. हेडफोन एका कानावर, दुसरा कान उघडा. नाहीतर प्रत्येक जण एकटा गातो आणि ते ऐकू येतं. शब्दाच्या शेवटचे ‘स’, ‘श’, ‘त’, ‘ट’ एकानेच उच्चारायचे, बाकीच्यांनी स्वरावर सोडून द्यायचे. हे केलं नाही तर वीस वेळा फुटलेला ‘स’ नंतर कुठल्याही यंत्राने काढता येत नाही.

प्रश्न: सोसायटीच्या गच्चीवर अकूस्टिक मैफल करायची आहे. स्पीकर नाही, मग परवानगी कशाला? (नवी मुंबई)

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरच्या लाउडस्पीकरला लागू आहेतच, पण दुरुस्तीनंतर त्यात वाद्यांचाही उल्लेख आहे. उघडी गच्ची म्हणजे बंद सभागृह नव्हे. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल. जवळच रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय असेल तर १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं. साडेसहाला सुरू करून साडेनऊला संपवा, ढोलकीऐवजी काहोन घ्या आणि तीही ब्रशने वाजवा. सोसायटीची लेखी संमती आधी.

दुसऱ्यांची गाणी गाणार असाल तर: हौशी मंडळाने तिकीट न लावता सादर केलेल्या गाण्याला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावलंत तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना बघा. संतांचे अभंग मुक्त आहेत, पण एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत नाही. अभंगाला स्वतःची चाल लावणं हा सगळ्यांत सुंदर उपाय.

प्रश्न: आम्ही इथल्या मराठी मंडळातले चौदा हौशी लोक, वय अकरा ते सदुसष्ट. चार जणांना वाजवता येतं, बाकी गाणारे. महिन्यातून दोनदा भेटतो, पण अर्धा वेळ गप्पांत आणि उरलेला ‘कुठलं गाणं घ्यायचं’ यात जातो. (न्यू जर्सी)

चौदा जणांचा बँड होत नाही, पण फार छान गोतावळा होतो. तुमच्याच देशात ओल्ड-टाइम (जुन्या अमेरिकन लोकधुना) आणि ब्लूग्रासच्या बैठकांची तयार रीत आहे, ती उचला. सगळे वर्तुळात, वाजवणारे चौघं एकमेकांना दिसतील असे, पण शेजारी शेजारी नाही. दर दोन-तीन गाणाऱ्यांमागे एक वाद्य येईल असं वाटून. प्रत्येक वाद्याभोवती मग एक छोटा गट तयार होतो आणि बिचकणाऱ्याला धरायला सूर मिळतो. गाणं निवडण्याची पाळी वर्तुळात फिरते. ज्याची पाळी त्याने गाणं, पट्टी आणि लय सांगायची, चार मात्रा मोजून सुरुवात करायची. चर्चा नाही. गाणं संपवायचं असलं की तो एक पाय उचलतो. ती शेवटची फेरी, हे सगळ्यांना कळतं. आपल्या भजनात पखवाजाची तिहाई हेच करते, तुमच्यात पखवाजी असेल तर पायाची गरज नाही.

दीड तासाचा आराखडा असा: दहा मिनिटं सूर जुळवणं आणि षड्ज-पंचमावर आकार, वीस मिनिटं एकच नवं गाणं, आधी फक्त झील, मग मुखडा, अंतरे पुढच्या भेटीत, चाळीस मिनिटं पाळीची गाणी, वीस मिनिटं ठरलेली तीनच गाणी न थांबता, चूक झाली तरी. गप्पा त्यानंतर, चहाबरोबर. नवं गाणं एका भेटीला एकच, याबाबतीत कडक राहा. कागदावरचे शब्द वाचणारे चौदा जण खाली बघतात आणि कुणालाच कुणाचा श्वास दिसत नाही, त्यामुळे तिसऱ्या भेटीपासून त्या गाण्याचे कागद बंद. विसरणाऱ्यासाठी वर्तुळात एक जण ओळ बोलून देणारा नेमा. अकरा वर्षांच्या मुलांना हे काम दिलं तर ती मन लावून करतात आणि त्यांचे शब्दही पक्के होतात.

हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या खोलीत आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते, तेव्हा गिटारची फळी खाली बसते, पडद्यांची टोकं बोटाला टोचू लागतात आणि शेवटी फळी तडकते. रत्नागिरीच्या पत्राला दिलेला उपाय तुमच्याकडे उलटा करा: केसमध्ये सिलिका जेलऐवजी ओलावा देणाऱ्या पुड्या ठेवा.